शिगेचे माप

ईस्टरनंतरच्या आठवड्यांत घरोघर जाऊन आशीर्वाद देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. २०२५ च्या ईस्टरनंतर असेच एका संध्याकाळी आम्ही आचोळ्यातील एका चारमजली इमारतीचा जिना चढत होतो. बरोबर धर्मग्रामातील दोन तरुण होते, एकाच्या हाती पवित्र जलाचे भांडे, दुसऱ्याच्या हाती घरांची यादी. दुसऱ्या मजल्यावर आम्ही थांबलो. तरुणांना वाटले, फादरांना धाप लागली. पंचावन्नाव्या वर्षी धाप लागते हे खरे, पण आम्ही थांबलो होतो ते दुसऱ्याच कारणाने. ती इमारत ज्या मातीवर उभी आहे, तेथे एके काळी आमच्या आईचे भाताचे खाचर होते. ते विकावे असा सल्ला तिला आम्ही दिला होता.

आमचे गाव रेल्वेच्या पश्चिमेला, उमराळ्याच्या बाजूला. वाडी, विहीर, बावखल, केळी आणि पानवेली असा सारा संसार तिकडे. पूर्वेला, रुळांपलीकडे आचोळ्याच्या हद्दीत आजोबांनी घेतलेली एकरभर भातजमीन तेवढी आमची होती. आज आचोळे म्हटले की दाटीने उभ्या इमारती, रिक्षांची रांग आणि पाण्याचे टँकर डोळ्यांपुढे येतात. आमच्या लहानपणी तेथे तळे होते (ते आजही आहे), आणि तळ्यापलीकडे तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या दिशेने खाचरेच खाचरे पसरलेली असत. आवणीच्या दिवसांत आई पहाटे भाकऱ्या बांधून सोपाऱ्याच्या वाटेने निघायची. आमच्या सामवेदी समाजातील बायकांचे लाल लुगडे गुडघ्यांपर्यंत खोचलेले, डोक्यावर इरले. रूळ ओलांडताना ती थांबून छातीवर क्रूसाची खूण करीत असे. गाडीच्या भीतीने की शेतात पाऊल टाकण्यापूर्वीची प्रार्थना म्हणून, हे आम्ही कधी विचारले नाही.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली तेथेच मिळाला. त्या बंदरात देशोदेशींचा माल मोजला गेला असेल. आमच्या घरात मोजण्याचे साधन एकच होते: आजीच्या काळातील लाकडी पायली, काठाला लोखंडी पट्टी मारलेली. या पायलीचे आईचे दोन नियम होते. दुसऱ्याला धान्य द्यायचे तर शीग लावून द्यायचे. दाणे काठावरून ओघळू लागले की माप पुरे झाले. आणि आपण कोणाकडून घ्यायचे तर हाताने काठ पुसून, सपाट घ्यायचे.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असू. शेजारची एक विधवा बाई पायलीभर तांदूळ उसने मागायला आली. आई गोठ्यात होती, म्हणून आम्हीच कणगीतून पायली भरली, आणि शहाणपणाने वरून हात फिरवून शीग खाली पाडली. बाई गेली. आईने येऊन पाहिले तो पायलीभोवती दाणे सांडलेले नाहीत. तिने विचारले, ‘हात फिरवलास?’ आम्ही अभिमानाने हो म्हणालो. ती रागावली नाही. तिने पुन्हा पायली भरली, शीग लावली आणि ती तशीच, दाणा न सांडता, त्या बाईच्या घरी न्यायला लावली. तीन घरांचे अंतर. दाणे सांडत गेले, कोंबड्या मागून टिपत आल्या. परत आलो तेव्हा आई आमच्या बोलीत जे म्हणाली, त्याचा आशय असा: मागायला आलेल्या माणसाने घरून निघतानाच आपली मान सपाट केलेली असते, तुझा हात त्याच्यावर आणखी कशाला फिरवतोस?

मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईने ईश्वरविद्येचे एकही पुस्तक उघडले नव्हते. पुढे सेमिनरीत लूकच्या शुभवर्तमानातील मापाविषयीचा उतारा आम्हांला शिकवण्यात आला, तेव्हा प्राध्यापक मूळ ग्रीक शब्दांची फोड करीत होते आणि आमच्या डोळ्यांपुढे कोंबड्या धावत होत्या.

आईची परीक्षा झाली ती १९८२ साली. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले; आमचे वडील त्यांतलेच. परळच्या एका गिरणीत ते साचेवाले होते. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि वडिलांची नोकरीही कधी परत आली नाही. पहिले काही महिने ते रोज सकाळी धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसत, जणू बोलावणे येईल. आईने एक दिवस काही न बोलता टोपली उचलली. वाडीतली भाजी, अळू, केळीची पाने घेऊन विरारहून येणाऱ्या पहाटेच्या गाडीने दादरचा बाजार गाठायचा, दुपारी परतायचे, मग वाडीचे शिंपणे. पावसाळ्यात यांत आचोळ्याचे शेत भर घालायचे. हे तिने अकरा वर्षे केले.

त्या दिवसांतही रात्रीची रोझरी चुकली नाही. रोझरीनंतर आई नावे घेऊन प्रार्थना करायची: आजारी माणसे, परीक्षेला बसलेली मुले, दिवंगत. एका रात्री यादीच्या शेवटी तिने ‘गिरणीच्या शेटसाठी एक नमो मरिया’ असे म्हटले. वडील गुडघ्यांवरून ताडकन उठले आणि बाहेर गेले. आम्ही भावंडे एकमेकांकडे पाहू लागलो. आईने डोळे न उघडता ती प्रार्थना पुरी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. वडील रोज त्या ठिकाणी उठून जात, आणि रोज ओट्यावर विडी ओढून परत येत. मला वाटते पाच-सहा महिन्यांनी एकदा ते उठले नाहीत. प्रार्थनेला उत्तर मात्र त्यांनी दिले नाही, फक्त बसून राहिले. (लिहिता लिहिता ‘मला’ हा शब्द निसटला. तो तसाच राहू द्यावा.)

शत्रूवर प्रीती करा, यावर आम्ही आजवर कितीतरी प्रवचने दिली असतील. त्या ओट्यावरील विडीएवढे खरे त्यांत काही होते की नाही, याची शंका येते.

आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत गेलो तेव्हा आई रडली नाही. तिने सुकेळ्यांचे एक पुडके दिले. वाडीतल्या राजेळी केळ्यांची ती सुकेळी तिने स्वतः उन्हात वाळवून, केळीच्या सोपात बांधली होती. पुढे महिन्यातून एकदा दादरहून परतताना ती गोरेगावला उतरे, आणि रिकामी टोपली डोक्यावर घेऊन सेमिनरीच्या फाटकाशी उभी राही. आमचे कित्येक सोबती शहरात वाढलेले, इंग्रजी शाळांतून आलेले. एकाने एकदा सहज विचारले, ‘ही कोण?’ त्याच्या विचारण्यात उपहास नव्हता. पण आम्ही त्या रविवारी आईला सांगितले की येताना टोपली आणू नकोस, फाटकावर बरे दिसत नाही. ती ‘बरं’ म्हणाली. त्यानंतर ती टोपलीशिवाय येऊ लागली. वर्षभराने फाटकावरच्या रखवालदाराने आम्हांला सांगितले की तुमची आई टोपली रस्त्यापलीकडच्या चहावाल्याकडे ठेवते, आणि त्याबद्दल त्याला दर खेपेला चार केळी देते. त्या दिवशी चॅपेलमध्ये आम्ही बराच वेळ बसलो. आईला मात्र काही बोललो नाही. बोलायला हवे होते.

आता शेताचा विषय. १९८८ च्या सुमारास वसई-विरारचा पट्टा बांधकामासाठी खुला करण्याचे वारे वाहू लागले, आणि १९९० साली सिडकोकडे या भागाच्या नियोजनाचा कारभार सोपवण्यात आला. आपल्या समाजाला तो काळ चांगला स्मरतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले होते. २०२४ साली फादर दिब्रिटो देवाघरी गेले तेव्हा त्या दिवसांची पुन्हा चर्चा झाली. सुट्टीत घरी आलो की आम्हीही सभांना जात असू, घोषणा देत असू. पश्चिमेच्या वाड्या वाचवायच्या, एवढे आम्हांला कळत होते. पूर्वेकडचे आचोळे आमच्या घोषणांत नव्हते. ते गेलेच आहे, असे आम्ही मनातल्या मनात धरून चाललो होतो.

वडील १९९२ साली गेले. पुढच्या वर्षी शेताला गिऱ्हाईक आले. थोरल्या भावाला घर बांधायचे होते, बहिणीचे लग्न ठरत होते. आईचे म्हणणे एकच: भात खाणारी तोंडे घरात आहेत तोवर भाताची जमीन विकू नये. भाऊ ऐकेना. शेवटी ती म्हणाली, ‘त्याला विचारू या. तो शिकतो आहे.’ तो म्हणजे आम्ही.

आम्ही तेव्हा तेवीस वर्षांचे होतो. पोप जॉन पॉल दुसरे यांचे ‘चेंतेसिमुस आन्नुस’ हे परिपत्रक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते, कामगार आणि मालमत्ता यांविषयीच्या ‘रेरुम नोवारुम’च्या शताब्दीनिमित्त. आम्ही त्यावर निबंधही लिहिला होता. त्या ज्ञानाच्या बळावर पडवीत पाटावर बसून आम्ही आईला समजावले. आजूबाजूची शेते विकली गेली आहेत. उद्या चारी बाजूंनी भराव पडला की मधल्या एकरात पाणी तुंबेल, पीक येणार नाही. मग भावही मिळणार नाही. हिशेब बिनचूक होता. आजही आम्हांला त्यात चूक सापडत नाही. आईने सारे ऐकून घेतले आणि विचारले, ‘तेथे राहायला येतील त्या लोकांचे पाणी कोठे जाईल?’

आम्ही म्हणालो, ते सरकार पाहील.

ती पुढे काही बोलली नाही. चौथीत शिकलेल्या अक्षरांत तिने कागदावर सही केली, प्रत्येक अक्षर वेगळे, ओळीच्या वर चढत गेलेले. एकच अट घातली: उभे पीक तिला कापू द्यावे. घेणाऱ्याने मान्य केले. त्या वर्षीची कापणी आणि मळणी आम्ही पाहिली नाही, परीक्षा होती. बहिणीने सांगितले ते असे. शेतात दरवर्षी आवणीला आणि कापणीला तुंगारेश्वराच्या पायथ्याची एक आदिवासी बाई आपल्या सुनांना घेऊन येई. आईने त्यांची मजुरी शीग लावून मोजली, आणि वर बियाण्याचे एक पायली भात दिले. म्हणाली, ‘आमच्याकडे आता पेरायला जागा नाही. तुमच्याकडे असू द्या.’ त्यांनी ते आपल्या तुकड्यात पेरले. त्यानंतर कितीतरी वर्षे दिवाळीच्या आसपास त्या घरातले कोणीतरी आमच्या ओट्यावर नव्या भाताची पुरचुंडी ठेवून जात असे. नव्या कणसांच्या आशीर्वादासाठी आई त्यातलीच चार कणसे चर्चमध्ये नेई. घरचे शेत नसलेल्या बाईच्या हाती कणसे पाहून कोणी विचारले, तर ती ‘आमच्याच बियाची’ एवढेच सांगे.

वसई धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला. पुढल्या वर्षी आमची गुरुदीक्षा झाली. नवदीक्षितांच्या हातांचे चुंबन घेण्याची रीत आहे. रांगेत आईची पाळी आली तेव्हा तिने आमचे तळवे ओठांना लावले आणि मग उलटेपालटे करून पाहिले, जसे लहानपणी जेवणापूर्वी हात धुतले की नाही हे पाहायची. लोकांत ती आम्हांला ‘फादर’ आणि ‘तुम्ही’ म्हणू लागली. घरात शिरलो की ‘तू’.

मातृभक्तीचे लेखन मराठीत उदंड आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आमच्या घरातही होती, आणि आमच्या बहिणीने ती आईला वाचून दाखवली होती. आईला श्यामचे रडणे फारसे पसंत पडले नाही. ‘पोरगा बोलतो फार,’ असा तिचा अभिप्राय. हे लिहिताना तो आम्हांला टोचतो आहे.

२०१८ च्या जुलैमध्ये आम्ही तलासरीच्या बाजूला सेवेत होतो. आई तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. १० जुलैला सकाळी भावाचा निरोप आला की श्वास लागला आहे, लवकर ये. त्या दिवसांचा पाऊस वाचकांना आठवत असेल. नालासोपारा स्थानकातले रूळ पाण्याखाली गेले होते, विरार आणि वसईच्या दरम्यान गाड्या बंद होत्या, वीज गेलेली होती. महामार्गाने पेल्हारपर्यंत एका टेंपोत जागा मिळाली. तेथून पायी. आधी घोट्याएवढे पाणी, मग गुडघ्याएवढे, आणि आचोळ्याला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता व पाणी कमरेला लागले होते. पुढे रस्ता कोठे आणि गटार कोठे, काही कळेना. एका इमारतीच्या जिन्यात माणसे दाटीने उभी होती. त्यांतल्या एका बाईने हाक मारली, ‘ओ काका, पुढे जाऊ नका, झाकणं उघडी आहेत.’

ती रत्नागिरीकडची होती. तळमजल्यावरचे तिचे घर पाण्यात होते, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी तिला व तिच्या मुलांना घरात घेतले होते. अशा उसन्या घरात तिने आम्हांला नेले. आम्ही धर्मगुरू आहोत हे तिला ठाऊक नव्हते; अंगावर साधी पँट आणि भिजलेला शर्ट. तिने तिच्या नवऱ्याची कोरडी लुंगी दिली. मेणबत्तीच्या उजेडात स्टोव्हवर भात शिजला होता, माणसे अकरा. तिने आमच्या ताटात भात वाढला आणि वर आणखी एक डाव ठेवला. भात ताटलीच्या काठावरून खाली आला. आम्ही ‘पुरे’ म्हणालो, तर म्हणाली, ‘असू द्या, चालून आलात.’

रात्रभर आम्ही तेथे भिंतीला टेकून बसलो. खाली पाण्यावर चपला आणि डबे तरंगताना एकमेकांवर आपटत होते. पहाटे उजाडले तेव्हा गॅलरीतून पूर्वेकडे तुंगारेश्वराची कड दिसू लागली. एक उंचवटा, मग खोलगट भाग, मग दुसरा उंचवटा. लहानपणी बांधावर बसून भाकरी खाताना समोर जी रेषा दिसे, तीच ही. आम्ही मागच्या तळ्याची दिशा पाहिली, रेल्वेची दिशा पाहिली. शंका उरली नाही. ज्या पाण्याविषयी आईने पडवीत विचारले होते, ते पाणी खाली होते.

पाणी थोडे ओसरल्यावर निघालो. घरी पोहोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. आई पहाटे चारच्या सुमारास गेली होती. शेजारच्या धर्मग्रामातील फादरांनी पाण्यातून येऊन तिला आदल्या संध्याकाळीच रुग्णाभ्यंग दिले होते, हा देवाचा उपकार. तिने आमच्याविषयी विचारले का, असे आम्ही बहिणीला विचारले. ती म्हणाली, विचारले. गाड्या बंद आहेत असे सांगितल्यावर म्हणाली, ‘कोणीतरी घरात घेईल त्याला.’

संत ऑगस्टीन यांनी आत्मकथनात आपली आई संत मोनिका हिच्या अखेरच्या दिवसांविषयी लिहिले आहे. इ.स. ३८७ मध्ये ओस्तियाच्या बंदरात ती वारली. माझे शरीर कोठेही ठेवा, वेदीपाशी माझी आठवण तेवढी करा, असा तिचा निरोप होता. सेमिनरीत वाचताना त्या प्रसंगात आम्हांला भावले होते ते आईचे मन. आता वाचताना लक्ष जाते ते मुलाकडे. तो निदान उशाशी होता.

दोन वर्षांपूर्वी आमची नेमणूक या भागात झाली. येथील बहुतेक कुटुंबे बाहेरून आलेली: कोकणातली, मंगळूरची, केरळ-तामिळनाडूची, झारखंडची. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या आरंभापर्यंत उच्च न्यायालयाच्या आदेशाने आचोळ्यातील ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. सांडपाणी प्रक्रिया आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर त्या उभ्या राहिल्या होत्या. कायद्याच्या बाजूने पाहता आदेशात चूक काढता येत नाही. पण घर गमावलेली माणसे आपली कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्यापुढे बसत, तेव्हा १९९३ साली पडवीत केलेला आमचा बिनचूक हिशेब आम्हांला आठवे. आमच्या शेतावरची इमारत त्या ४१ मध्ये नव्हती. म्हणूनच ईस्टरनंतर तिचा जिना आम्ही चढू शकलो.

ज्या घराला आशीर्वाद द्यायचा होता ते तिसऱ्या मजल्यावर होते. प्रार्थना झाली, पाणी शिंपडले, सरबत घेतले. उतरताना दुसऱ्या मजल्यावर आम्ही बेल दाबली. नवे भाडेकरू. त्या पुराच्या रात्रीची माणसे त्यांना ठाऊक नव्हती. तळमजल्यावर आता शिलाईचे दुकान आहे. रत्नागिरीची बाई पुरानंतर वर्षभरातच सोडून गेली, कदाचित नायगावला, कदाचित गावी, असे दुकानदार म्हणाला. तिचे नाव त्या रात्री आम्ही विचारले नव्हते, आणि तिनेही आमचे विचारले नव्हते.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा आम्ही फक्त ती पायली मागून घेतली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे गरजू कुटुंबांना तांदूळ वाटला जातो. तो त्याच पायलीने मोजतात. मापाच्या कामाला धर्मग्रामातील नववी-दहावीची मुले असतात. गेल्या महिन्यात एक नवा मुलगा आला होता. त्याने पहिली पायली भरली, उजवा हात वर उचलला, आणि काठावर तसाच धरून आमच्याकडे पाहू लागला.

‘फादर, पुसू का?’